संगणक उशिरा का जागा होतो?

सह्याद्रीचा माथा ओलांडून कुंभार्ली घाट उतरला की कराड-चिपळूण मार्गावर पोफळी लागते. महाराष्ट्राच्या नकाशावर या गावास जे स्थान लाभले आहे ते कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे. घाटमाथ्यामागील शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यावाटे पश्चिमेस येते, डोंगराच्या पोटात खोल उतरते, तेथील पेल्टन चक्रे फिरविते आणि पुढे कोळकेवाडीकडे मार्गस्थ होते. येथील पहिले जनित्र १९६२ मध्ये चालू झाले. औष्णिक केंद्रातील थंड पडलेला संच पूर्ण क्षमतेवर येण्यास कित्येक तास लागतात. पाण्यावर चालणारा संच मात्र काही मिनिटांतच वीज देऊ लागतो. सायंकाळी राज्याची विजेची मागणी एकाएकी वाढते तेव्हा कोयनेकडे धाव घेतली जाते ती याच गुणामुळे.

या वीजगृहापासून फारशा दूर नसलेल्या एका घरी गेल्या पावसाळ्यात जाण्याचा योग आला. यजमान प्राथमिक शिक्षक. त्यांच्या घरातील संगणक बटण दाबल्यापासून काम करण्याजोगा होईपर्यंत अकरा मिनिटे घेत असे. "साहेब, आमच्याकडे आधी बटण दाबायचे आणि मग चहाचे आधण ठेवायचे. चहा पिऊन झाला की यंत्र तयार," असे गुरुजींनी हसत सांगितले. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट मात्र ती नव्हती. प्रकल्पाच्या उभारणीच्या काळात देशाच्या नाना भागांतून कामगार येथे आले, त्यांची मुले येथील शाळांतून शिकली. त्यांचे वारस आज जन्मतारखेच्या व जातीच्या नोंदीसाठी शाळेची पायरी चढतात. गुरुजींनी मुख्याध्यापकांच्या संमतीने जुन्या जनरल रजिस्टरच्या पानांची छायाचित्रे घेऊन नावांची सूची तयार केली होती. चार वर्षांच्या सुट्ट्या त्यात गेल्या होत्या आणि ती सूची याच एका यंत्रात होती. दुसरी प्रत कोठेही नव्हती.

एका विक्रेत्याने त्यांना यंत्र जुने झाले, नवे घ्यावे, असा सल्ला दिला होता. हा सल्ला देणे सोपे असते. यंत्र कोठे अडते हे पाहण्याचे कष्ट मात्र त्याने घेतले नव्हते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, शाळेत वा ग्रामपंचायत कार्यालयात असाच एखादा संथ संगणक असेल. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेचे; तथापि थोड्या जिज्ञासेने आणि हातातील घड्याळाच्या साहाय्याने या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो, असा अनुभव आहे.

वेळ नेमका कोठे जातो

संगणक सुरू होणे ही एक क्रिया नसून क्रियांची मालिका होय. वीजगृहातील संच चालू करतानाही प्रथम तेलाचा दाब पाहिला जातो, मग पाण्याची झडप उघडते, चक्र ठरलेल्या गतीस येते आणि विजेची कंपनसंख्या व दाब राज्याच्या जाळ्याशी जुळल्यानंतरच संच जोडला जातो. संच उशिरा जोडला गेला तर अभियंता प्रथम विचारतो की तो कोणत्या पायरीवर थांबला. संगणकाच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावयाचा असतो.

बटण दाबताच मुख्य मंडलावरील एका चिपमधील प्रारंभिक आज्ञावली जागी होते. तिला बायोस, व नव्या यंत्रांत युईएफआय, असे म्हणतात. ती स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी अवयव जागेवर आहेत काय याची हजेरी घेते. पडद्यावर निर्मात्याचे चिन्ह दिसते तो हा काळ. त्यानंतर डिस्कवरून विंडोज किंवा तत्सम कार्यप्रणाली स्मृतीत आणली जाते आणि पासवर्ड विचारणारा पडदा येतो. पासवर्ड दिल्यानंतर तिसरी पायरी सुरू होते. वापरणाऱ्याने, किंवा बहुधा त्याच्या नकळत इतरांनी, आपोआप सुरू होण्यासाठी लावून ठेवलेले कार्यक्रम या पायरीवर एकामागून एक उघडतात.

गुरुजींच्या यंत्राचा वेळ आम्ही घड्याळ लावून मोजला. पहिल्या पायरीस २५ सेकंद, दुसरीस ४ मिनिटे १० सेकंद आणि तिसरीस ६ मिनिटे २५ सेकंद. एवढ्या तीन आकड्यांनी अर्धे निदान झाले. पहिली पायरी ठीक होती. दोष डिस्कमध्ये असण्याचा संभव होता आणि दारातील गर्दी तर उघडच होती. एकूण वेळ अकरा मिनिटे, एवढेच म्हणत राहिलो असतो तर काहीच उमगले नसते.

विद्यार्थ्यांना संगणक शिकविणाऱ्या जुन्या शिक्षकांना येथे एक आठवण होईल. १९८४ मध्ये केंद्र शासनाने शाळांसाठी क्लास नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यातील बीबीसी मायक्रो यंत्रे बटण दाबताच क्षणार्धात तयार होत. त्यांची सारी कार्यप्रणाली एका कायम स्वरूपाच्या चिपमध्ये कोरलेली असे; डिस्कवरून काही आणावयाचे नसे. त्यांची काम करण्याची स्मृतीही अवघी ३२ किलोबाइट होती. आजचे यंत्र त्या मानाने लाखो पटींनी मोठा संसार सांभाळते आणि रोज सकाळी तो नव्याने मांडते.

आधी कागद सांभाळावेत

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एक काम अवश्य करावे, व ते दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. यंत्रातील महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र काढून घ्यावी. संथपणा ही पुष्कळदा केवळ गैरसोय असते. परंतु कधी कधी ती डिस्क निकामी होत असल्याची पूर्वसूचना असते. डिस्कच्या पृष्ठभागावरील एखादा भाग वाचता आला नाही की यंत्र तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते. आपल्याला बाहेरून दिसतो तो केवळ विलंब. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर अन्य कोणताही उपाय करीत न बसता प्रथम प्रत काढावी. अशा वेळी डिस्क नीट लावण्याचा, म्हणजे डीफ्रॅगमेंट करण्याचा प्रयत्न करणे हे आजारी माणसास डोंगर चढावयास लावण्यासारखे आहे.

डिस्क आपल्या प्रकृतीची काही टिपणे स्वतःच ठेवीत असते. ती वाचून दाखविणारे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे विनामूल्य कार्यक्रम मिळतात. गुरुजींच्या यंत्रावर तो चालविला तेव्हा निळ्याऐवजी पिवळा रंग आला. वाचता न येणाऱ्या तुकड्यांची नोंद त्यात होती. गुरुजी क्षणभर काही बोलले नाहीत. मग शेजारच्या घरून बाह्य डिस्क आणण्यात आली आणि त्या रात्री बाकी सर्व सोडून केवळ नकला काढण्याचे काम झाले. सूची सुखरूप निघाली. रजिस्टरच्या अकरा पानांची छायाचित्रे मात्र उघडली नाहीत. मूळ रजिस्टर शाळेत होते म्हणून ती पाने पुन्हा घेता आली.

नक्कल ठेवण्याविषयी जाणकारांचा एक साधा संकेत आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. शेवटच्या अटीचे महत्त्व या तालुक्यास वेगळे सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा संगणक आणि त्याशेजारच्या खणात ठेवलेली त्याची नक्कल, दोन्ही एकाच पाण्याखाली जाण्यास वेळ लागला नसेल. आंतरजालावरील साठवण किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवलेली डिस्क, यांपैकी काहीही चालेल.

येथेच आणखी एक सूचना. नव्या यंत्रांवर विंडोज डिस्कमधील मजकूर आपोआप कुलूपबंद करून ठेवते. दुरुस्तीच्या वेळी बायोसमध्ये काही फेरबदल केल्यास ते यंत्र ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक मागते. तो क्रमांक आधीच काढून कागदावर लिहून ठेवलेला बरा.

दप्तरखान्यातील शिपाई

जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी होय. बहुसंख्य घरगुती यंत्रांत ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. वाचणारी सुई हव्या त्या वर्तुळावर न्यावी लागते आणि हवा तो भाग सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते. ५,४०० फेऱ्यांच्या तबकडीस एका फेरीला सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. सुई हलविण्याचा वेळ त्यात मिळविला तर विखुरलेले तुकडे सेकंदाला साधारणतः पन्नास ते शंभर एवढेच वाचता येतात. कार्यप्रणाली उभी राहताना असे हजारो लहान तुकडे मागितले जातात.

तहसील कार्यालयातील दप्तरखान्याची कल्पना करावी. शिपाई एकच, रुमाल शेकडो, आणि प्रत्येक कागदासाठी त्याने आत जाऊन रुमाल सोडून यावयाचे. त्याच वेळी दहा कारकुनांनी दहा कागद मागितले तर शिपाई सुस्त आहे असे म्हणता येणार नाही. त्याची पायपीटच तेवढी आहे. टास्क मॅनेजर उघडला असता डिस्कपुढे सतत १०० टक्के हा आकडा दिसतो, तो या पायपिटीचा. (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो.)

एसएसडी या नव्या जातीच्या साठवणीत फिरणारे काहीच नाही. तिच्यात सारे कागद जणू टेबलावर पसरलेले असतात. ती सेकंदाला हजारोंनी तुकडे देते. म्हणून जुन्या यंत्रातील तबकडी काढून तेथे एसएसडी बसविणे हा संथ प्रारंभावरील सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. पाच-सहा वर्षांचे, बाकी धडधाकट असलेले यंत्र यामुळे आणखी काही वर्षे सुखाने चालते आणि खर्च नव्या यंत्राच्या मानाने अल्प येतो. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरविता येते. परंतु जुनी डिस्क आजारी असेल तर कार्यप्रणाली नव्याने बसवून फायली नंतर आणणे अधिक सुरक्षित. एसएसडीवर डीफ्रॅगमेंटचा प्रयोग करू नये. त्याने लाभ नाही, झीज मात्र होते.

स्मृती, म्हणजे रॅम, अपुरी असली तरी परिणाम असाच दिसतो. ती भरली की यंत्र डिस्कलाच स्मृती म्हणून वापरू लागते आणि शिपायाच्या फेऱ्या दुपटीने वाढतात. विंडोज ११ साठी ४ गिगाबाइट ही किमान मर्यादा सांगितलेली आहे; प्रत्यक्षात ८ असल्यावाचून कामात सुख नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर तोही थोडा मोकळा करावा.

दारातील गर्दी

तिसऱ्या पायरीवरील जवळपास साडेसहा मिनिटांचे रहस्य टास्क मॅनेजरमधील स्टार्टअप या पानावर उलगडले. आपोआप सुरू होणारे कार्यक्रम तेथे नावानिशी दिसतात आणि प्रत्येकापुढे त्याचा भार अधिक, मध्यम की कमी हेही लिहिलेले असते. गुरुजींच्या यंत्रात एकवीस नावे निघाली. तीन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा कार्यक्रम रोज सकाळी उठून आपल्या धन्याचा शोध घेत होता. भाचीने सुट्टीत खेळलेल्या एका खेळाची पायाभूत यंत्रणा होती. विषाणुरोधक दोन होते आणि ते परस्परांच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवीत होते. यांपैकी मुदत संपलेला विषाणुरोधक काढून टाकला. विंडोजचा अंगचा विषाणुरोधक घरगुती कामास पुरेसा आहे.

नको असलेल्या नावावर उजवी कळ दाबून डिसेबल म्हटले की काम होते. कार्यक्रम नष्ट होत नाही, केवळ आपण बोलाविल्याशिवाय येत नाही. चूक झाली तर त्याच ठिकाणी तो पुन्हा चालू करता येतो. तरीही तीन गोष्टींस हात लावू नये. विषाणुरोधक, मराठी टंकलेखनाची सोय आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा कार्यक्रम. ग्रामपंचायतीच्या यंत्रावर ही काळजी विशेष घ्यावी. टोकनचा कार्यक्रम बंद राहिला म्हणजे देयके अडतात आणि दोष संकेतस्थळाचा समजून दिवस वाया जातो.

आठ कार्यक्रम बंद केल्यावर तिसरी पायरी पावणेतीन मिनिटांवर आली. यात एक पैसाही खर्च झाला नाही.

एका गोष्टीचा उलगडा झाल्यावर गुरुजींना विशेष नवल वाटले. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण निद्रा असेलच असे नाही. पुढचा प्रारंभ जलद व्हावा म्हणून कार्यप्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. त्यामुळे त्यात शिरलेला बिघाडही रोज जसाच्या तसा परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सारे नव्याने मांडले जाते. संगणक रोज बंद करणाऱ्यांनीही आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे. मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये उघडलेले शाळेचे यंत्र पहिले दोन दिवस रांगते, त्याचे कारण वेगळे : महिना-दीड महिन्याच्या साठलेल्या सुधारणा ते एकदम उतरवीत असते. त्यास तेवढा अवधी द्यावा; मधेच वीज बंद करू नये.

संगणक दहापट जलद करून देण्याची हमी देणाऱ्या जाहिराती पडद्यावर झळकतात. त्या कार्यक्रमांनी लाभ होत नाही. कित्येकदा तेच स्टार्टअपच्या यादीत नवे नाव म्हणून जाऊन बसतात. आपल्या संगणकात बिघाड असल्याचे आम्हांस कळले आहे, असे सांगणारा दूरध्वनी आला तर तो फसवणुकीचाच समजावा व यंत्राचा ताबा कोणासही देऊ नये. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे जितक्या लवकर कळवावे तितके बरे.

ओल, वीज आणि घड्याळाची बॅटरी

घाटपायथ्याच्या पावसाचा परिणाम यंत्रांवरही होतो. पंख्यातून आत गेलेली धूळ ओल धरते व तिचा लेप उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर बसतो. प्रक्रियक तापला की तो स्वतःची गती स्वतःच कमी करतो. यंत्र बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने ही धूळ वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरल्यावर काढावी. रॅमच्या पट्टीची तांबूस टोके काळवंडली असतील तर ती खोडरबराने हलक्या हाताने पुसण्याची रीत आहे. त्यापूर्वी एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूस हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरवून टाकावी.

पहिल्या पायरीवरच यंत्र घुटमळत असेल तर यूएसबीला लावून विसरलेला पेनड्राइव्ह प्रथम काढून पाहावा. आणि यंत्रातील तारीख रोज मागे जात असेल तर मुख्य मंडलावरील नाण्याएवढी बॅटरी संपली असे समजावे. तिचा क्रमांक बहुधा सीआर २०३२ असतो व ती घड्याळजीकडेही मिळते. क्षुल्लक वाटणाऱ्या या बॅटरीमुळे केवळ प्रारंभच अडतो असे नव्हे. तारीख चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि डिजिटल स्वाक्षरीही ग्राह्य धरली जात नाही.

विजेच्या गावातही वादळात वीज जाते. काम चालू असताना ती गेली की पुढच्या वेळी यंत्र डिस्क तपासत बसते, आणि हे वारंवार घडले तर फायली बिघडतात. यूपीएसचे काम तासभर वीज पुरविण्याचे नसून यंत्र रीतसर बंद करण्यास पाच मिनिटे देण्याचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे लहान यूपीएसही पुरतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि २०१७ पूर्वी बनलेल्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे जुने यंत्र जलद झाले तरी ते सुरक्षित राहील काय, याचा वेगळा विचार करावा लागतो. ज्यांचे काम लेखन, वाचन आणि संकेतस्थळे एवढेच आहे त्यांना लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी मात्र ते लिनक्सवर चालते किंवा कसे, हे आधी पाहून घ्यावे.

पंधरवड्यानंतर गुरुजींचा दूरध्वनी आला. एसएसडी बसविली होती, कार्यप्रणाली नव्याने घातली होती आणि बटणापासून सूची उघडेपर्यंत ४० सेकंद लागत होते. अकरा पानांची छायाचित्रे पुन्हा घेऊन झाली होती. एक प्रत शाळेच्या कपाटात आणि दुसरी कराडला मुलीकडे गेली होती. जुनी डिस्क त्यांनी टाकून दिली नाही. तिच्यावर तारीख आणि "वापरू नये" असे लिहून ती खणात ठेवली आहे. यूपीएसची बॅटरी बदलावयाची तेवढी राहिली होती. ती गणपतीपूर्वी बदलू म्हणाले.